बेळगाव ते लंडन : मुंबईमार्गे की बेंगळूरमार्गे?

बेळगाव ते लंडन सरळ रेषेत सुमारे 7,600 किलोमीटर. थेट विमान नाही, त्यामुळे कुठे बदलायचं हे आधी ठरवावं लागतं. सांबरा, म्हणजे बेळगावचं विमानतळ, ते मुंबई 405 आणि तिथून लंडन 7,210. म्हणजे मुंबई जवळजवळ वाटेवरच. बेंगळूरला मात्र आधी 445 किलोमीटर उलट दिशेला जायचं, मग पुढे 8,045. वळसा पावणेनऊशे किलोमीटरचा, हवेतला तासभर जास्त.

तरी नुसतं अंतर बघून तिकीट काढू नका. मुंबईत सांबऱ्याचं विमान टर्मिनल 1 ला उतरलं आणि पुढचं 2 वरून असलं, तर बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते जिवावर येतं. बेंगळूरला दोन्ही टर्मिनल शेजारी आहेत. मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांना आम्ही बेंगळूरच सुचवू, आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा. निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळही तपासावं.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण देशांतर्गत टप्प्यावर बहुधा 15 किलोच सामान चालतं आणि 23 किलोच्या बॅगेचे जादा पैसे सांबऱ्यालाच भरावे लागतात. शिवाय पावसाळ्यात सकाळी ढग खाली उतरले की सांबऱ्याचं विमान लटकतं. पुढचं विमान चुकलं तर वेगळ्या तिकिटावर त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. दोन विमानांत किमान पाच तास ठेवा. बॅगेच्या टॅगवर शेवटी ‘एलएचआर’ (लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा कोड) छापलंय का, हे काउंटर सोडण्याआधी बघा. नसेल तर बॅग मध्येच उतरवून घ्यावी लागेल.

मुंबई-लंडन साधारण दहा तास लागतात. परतताना वारा पाठीशी असतो, तासभर वाचतो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. रात्री 2 ला मुंबईहून निघालेलं विमान जानेवारीत सकाळी साडेसहाला पोहोचतं, जूनमध्ये साडेसातला. न्यायला येणाऱ्याला हीच तिकडची वेळ कळवा.

कुंदा नेऊ नका. तो दुधाचा, आणि भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. विमानतळावर काढून घेतात. दुबईत थांबून बाहेर पडणार असाल तर खसखसही नको, त्या देशात ती बेकायदा आहे.

येताना एकच पीएनआर असला तरी मुंबईत किंवा बेंगळूरला, जिथे भारतात पहिल्यांदा उतराल तिथे, बॅग पट्ट्यावरून स्वतः घ्यावी लागते. कस्टम्समधून बाहेर काढून ती परत काउंटरवर द्यायची. सांबऱ्याच्या विमानाआधी यासाठी चार तास तरी हाताशी असू द्या.