गोव्यात फोंडा ते कुडतरी: आईसाठी डॅशहाउंडचं पिल्लू आणलं, शोधत असाल तर वाचा

आईला छोटं कुत्रं हवं होतं, घरात तिच्या मागे मागे फिरणारं, दुपारी पायाशी झोपणारं आणि तिला उचलता येईल एवढंच. दादाचा आग्रह शित्झूचा, कारण दिसायला गोड. मी नको म्हटलं, आणि का ते आधी लिहिते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग यांचं तोंडच चपटं, नाकपुड्या अरुंद, कितीतरी जणांच्या घशात टाळूचं मांस लोंबतं, म्हणजे श्वास घ्यायलाच त्रास, आणि वर आपल्याकडची एप्रिल-मेची दमट हवा, ज्यात जिभेवरचं पाणी लवकर सुकत नाही म्हणजे धापा टाकूनही हवा तसा गारवा मिळत नाही. ज्यांच्याकडे एसी आणि इन्व्हर्टर दोन्ही आहे त्यांनी विचार करावा, आमच्याकडे वीज गेली की पंखासुद्धा बंद. शिवाय शित्झूचे केस वाढतच राहतात, रोज विंचरायचे, डोळे पुसायचे, सत्तरीच्या बाईला ते झेपणार कसं?

म्हणून डॅशहाउंड, तोही आखूड केसांचा. लांब नाक, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. पण याचीही एक मोठी गोष्ट आहे ती लपवून कोणी विकत असेल तर तिथून घेऊ नका. याची पाठ लांब, पाय बुटके आणि मणक्यातल्या गाद्या लवकर कडक होतात, मग कधीतरी सोफ्यावरून उडी मारली की गादी सरकते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. साधारण चार-पाच डॅशहाउंडांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, आणि बहुतेकदा 3 ते 7 वर्षांच्या वयात. हे वय लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आधी ऑनलाइन जाहिरात बघून म्हापशाच्या बाजूच्या एकाशी बोलले. 45 दिवसांची पिल्लं, पांढरट ठिपक्यांची, "रेअर कलर" म्हणून जास्त किंमत. पिल्लांची आई बघायला येऊ का विचारलं तर म्हणाला ती दुसऱ्या गावी आहे, पिल्लू घेऊन मी हायवेवर पेट्रोल पंपापाशी येतो, अर्धे पैसे आधी जीपे करा. तिथेच विषय संपवला. 45 दिवस हा आकडा जाहिरातींत इतका सर्रास असतो की लोकांना तो नियमच वाटतो, पण केंद्र सरकारच्या 2017 च्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. शेवटचे ते दहा-अकरा दिवस फुकट जात नाहीत, भावंडांना जोरात चावलं की ती ओरडतात, खेळ थांबवतात, त्यातून चावा किती हलका ठेवायचा ते पिल्लू शिकतं. आणि ठिपक्यांचं म्हणाल तर ठिपकेवाल्या नराला ठिपकेवाली मादी लावली की काही पिल्लं बहिरी नाहीतर आंधळी जन्मतात. खूप पांढरं पिल्लू महाग लावलेलं दिसलं तर आईवडिलांचे फोटो मागा, दोघेही ठिपक्यांचे निघाले तर सरळ नको म्हणा.

घरीच डॅशहाउंडची पिल्लं वाढवणाऱ्या कुडतरीच्या आंटींचा नंबर आमच्या व्हेटकडून मिळाला. हा रस्ता सगळ्यात चांगला. तुमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरला विचारा की कोणाकडची कुत्री तुमच्याकडे लसीला वेळेवर येतात, त्याला सगळं माहीत असतं. फोनवर आंटी म्हणाल्या पिल्लं आत्ता तीन आठवड्यांची आहेत, बघायला या पण हात लावायला मिळणार नाही, आणि दुसऱ्या कुत्र्याकडे जाऊन तसेच इकडे येऊ नका. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा हगवणीचा आजार, त्याचा व्हायरस चपलेवरून, कपड्यांवरून येतो, म्हणून हे.

चतुर्थी आटोपल्यावर गेलो. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून राय, तिथून कुडतरी, आपल्या गाडीने पाऊण तास धरा. बसने जाणार असाल तर मडगावला उतरून दुसरी बस घ्यावी लागते, बघायला जायला ठीक आहे पण पिल्लू आणायच्या दिवशी बस नको. तळ्याच्या बाजूने रस्ता छान आहे, भातशेती पिवळी व्हायला लागली होती, गाडी थांबवून आईने फोटो काढायला लावले.

घर जुनं, चिऱ्याचं, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी. वेगळं केनल असं काही नाही, माद्या घरातच. पिल्लांची आई स्वतः दारापर्यंत आली, भुंकली, मग आंटींनी हाक मारल्यावर आमच्या पायांचा वास घेऊन शेपूट हलवायला लागली. थोडी बारीक झालेली, केस गळत होते, दूध पाजणाऱ्या मादीचं तसं होतं, त्याला घाबरू नका. बघायचं ते हे की ती अनोळखी माणसाला बघून लपते का, अंगावर येते का, कारण पिल्लं तिच्याकडूनच शिकतात. नर तिथे नव्हता. तेही नॉर्मल आहे, चांगले ब्रीडर मुद्दाम बाहेरचा नर निवडतात, फक्त त्याचे वंशावळीचे पेपर आणि फोटो दाखवता आले पाहिजेत.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची वही. साधी शाळेची दोनशे पानी. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, आणि वहीत रंगाप्रमाणे रोजचं वजन, किचनच्या काट्यावर केलेलं, जन्मल्या दिवसापासून. हिरव्या लोकरवालीचं वजन मध्ये वाढलंच नव्हतं तर बाजूला पेनाने वेळा लिहिलेल्या, रात्री दोनची सुद्धा, तेव्हा उठून बाटलीने पाजलेलं. जंताच्या औषधाच्या तारखा दर पंधरा दिवसांनी. अशी वही ज्या घरात आहे तिथे पिल्लू घ्यायला मला दुसरं सर्टिफिकेट लागत नाही.

मी पाठीचं विचारलं. आंटींनी आढेवेढे न घेता सांगितलं की या मादीच्या आईला काही नाही, ती दहा वर्षांची तिथेच कोपऱ्यात झोपली होती, पण एका मावशीला सहाव्या वर्षी त्रास झाला म्हणून तिची लाइन पुढे नेली नाही. मादी पावणेचार वर्षांची, हेच तिचं पहिलं वेत. नियमाने 18 महिने पुरे पण त्या म्हणतात पाठीचा अंदाज यायला थांबावं लागतं. म्हणून वर वयाचं लिहिलं, आईबाप जेमतेम दोन वर्षांचे असतील तर पाठ चांगली आहे हे कोणी सांगूच शकत नाही, आजी-आजोबांचं विचारा.

मग त्यांनी आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. "दीसभर घरांत कोण आसता?" हा पहिला. मग जिने किती, अंगणाला गडगा (दगडी कुंपण) आहे का, शेजारी मोकळी कुत्री आहेत का, साप येतात का (हे कुत्रं बिळं उकरतं, उंदरामागे जातं, आपल्याकडे हा प्रश्न हवाच), आणि आईला थेट, तुम्हाला बरं नसेल तेव्हा याचं कोण करणार. दादाला जरा राग आला, मला तर धीर आला. जो ब्रीडर तुम्हाला काहीच विचारत नाही त्याला पिल्लू कुठे जातंय याचं पडलेलं नाही.

किंमत पेपर आणि मायक्रोचिपसकट (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) आम्ही घेतलं तेव्हा 25 हजार. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, चेन्नईचं, त्यात तीन पिढ्या आणि चिपचा 15 आकडी नंबर असतो. सर्टिफिकेट यायला वेळ लागतो, तोपर्यंत अर्जाची कॉपी घ्या आणि व्हेटकडे स्कॅनर फिरवून नंबर जुळतो का बघा. पण एक समजून घ्या, हे कागद वंशावळ सांगतात, तब्येत नाही. तब्येतीसाठी आंटींनी साध्या कागदावर लिहून दिलं की आठवड्यात तुमच्या डॉक्टरला दाखवा, जन्मजात काही निघालं तर पैसे परत, आणि कधीही सांभाळायला जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्याला न देता त्यांच्याकडेच द्यायचं. ही शेवटची अट नसेल तर तुम्हीच लिहून मागा.

आठ आठवडे दिवाळीच्या तोंडावर भरत होते, तर आंटी म्हणाल्या नरकासुराचे पुतळे जाळून होऊ देत, फटाके संपू देत, मग न्या. फोंड्यात त्या रात्री स्पीकर कसे असतात माहीत आहेच, नव्या घरात आलेल्या पिल्लाने पहिल्याच रात्री तो आवाज ऐकला तर भीती कायमची बसू शकते. चतुर्थीत, घरात लग्न असताना सुद्धा आणू नका.

आणायच्या दिवशी सकाळी लवकर निघालो, ऊन चढायच्या आत परत. शेवटचं खाणं निघायच्या तीन तास आधी, नाहीतर बोरीच्या वळणांवर उलटी ठरलेली. प्लास्टिकची क्रेट, खाली वर्तमानपत्र, वर पिल्लांच्या आईखालचं फडकं, वासाने पिल्लू शांत राहतं. मी मागे क्रेटला हात लावून बसले, दादाने स्पीडब्रेकरवर गाडी अगदी सावकाश काढली. वाटेत शू करायला रस्त्याकडेला उतरवू नका, लसी पूर्ण व्हायच्या आधी भटकी कुत्री फिरतात ती जमीन त्याच्यासाठी धोक्याची, कागदावरच करू दे.

ताब्यात घेताना हिरड्या गुलाबी आहेत का, बेंबीला फुगवटा, शेपटीखाली घाण, कानात आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड, हे सगळं बघा. गोचिडतापाने आपल्याकडे खूप कुत्री जातात. खाणं त्यांच्याकडे चालू होतं तेच आठवडाभर तरी द्या, नवीन एकदम सुरू केलं की हगवण. लसीचे पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) घ्याच कारण पावसात ती लघवी पाण्यातून सगळीकडे जाते, आणि रेबीजचा तीन महिन्यांनंतर, गोव्यात रेबीजवर इतकं काम झालंय म्हणून आपण सुस्त व्हायचं नाही. लायसन्सचं पंचायतीत किंवा पालिकेत विचारून घ्या.

घरात आम्ही सोफ्याला फळीचा उतार केला, जिन्याला फाटक, आणि उचलताना एक हात छातीखाली एक मागच्या पायांखाली, हे आईला आंटींनीच तिथे तीनदा करून दाखवलं. वजन वाढू देऊ नका, पोळीचे तुकडे बंद, पाठीचं दुखणं टाळायला तेवढं आपल्या हातात आहे.

कोणी कुडतरीच्या बाजूला चौकशीला जाणार असाल तर रविवारी सकाळी नको, सगळे चर्चमध्ये मीसाला (प्रार्थनेला) गेलेले असतात, आणि दुपारी एक ते चार फोनसुद्धा करू नका.