हरेगावच्या वाटेवर चाचांचा टेम्पो

मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारियामातेच्या, यात्रेला आम्ही राहुरी फॅक्टरीवरनं पायी जातो, देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर करत हरेगाव. यात्रा १९४९ पासूनची आहे, ८ सप्टेंबर मारियामातेचा जन्मदिवस आणि यात्रा त्याच सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात. दोन्ही बाजूला ऊस, मधे खड्डे, आणि श्रीरामपूर येईपर्यंत निम्म्या लोकांच्या पायाला फोड.

सामानाचा छोटा हत्ती मात्र शेजारच्या चाचांचा. २०२५ ला त्यांची लय धावपळ झाली, ५ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद, ६ ला गणपती विसर्जन, आणि लगेच आम्ही हजर. डिझेल घेतात, भाडं घेत नाहीत, आणि द्यायला गेलं की चिडतात. चाचीनं निघताना करपू नये म्हणून मंद गॅसवर काढलेलं हळदीचं तेल डबीत भरून दिलेलं, "फोड फोडू नको रे, सुई-दोरा ओवून ठेव, पाणी आपोआप निघंल." तसंच केलं, सकाळी चालता आलं.

बेलापूरच्या अलीकडं असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ झाली तशी चाचांनी टेम्पो कडेला घेतला, स्पीकर बंद केला, कॅनमधल्या पाण्यानं वजू केली, म्हणजे हातपाय-तोंड धुतलं, आणि ताडपत्रीवरच नमाजला उभे राहिले. आमची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालू होती ती आम्ही पुढं जाऊन झाडाखाली पूर्ण केली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

चहाला बसलो की विषय निघतोच. कुराणात मरियमच्या, म्हणजे आमच्या मारियामातेच्या, नावाचा आख्खा सूरा (अध्याय) आहे, एकोणिसावा, आणि नावानिशी उल्लेख असलेली बाई आख्ख्या कुराणात ती एकटीच, हे चाचा अभिमानानं सांगतात. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा ती खजुराच्या झाडाखाली एकटी होती, ते सांगताना तर रंगून जातात. आमच्या शुभवर्तमानात खजूर नाही, गव्हाण आहे. पण पुढं लगेच येशूबद्दल म्हणणार, "ईसा नबी हैत, लय मोठे नबी, पण अल्लाला मुलगा नसतो बाबा." मी म्हणतो चाचा, आमचा सगळा विश्वास तिथंच उभाय, तेच काढलं तर मी चालतोय कशाला? मग ते हसतात नि म्हणतात पार्ले दे.

हरेगावला आमच्यातली पोरं मागंच लागली, चाचा एक मेणबत्ती लावा ना, फोटो काढू, ग्रुपवर टाकू. चाचा सरळ नाही म्हणाले, मूर्तीपुढं आमच्यात चालत नाही. पोरांचे चेहरे पडले. मला मात्र ते आवडलं, खरं सांगतो. हे "सगळे धर्म एकच" वाले फॉरवर्ड मला कधी पटलेच नाहीत, एकच असते तर चाचांना माझ्यासाठी टेम्पो काढायचं एवढं काय अडलं होतं? मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपेपर्यंत ते गेटबाहेर आमच्या चपला सांभाळत बसले, आणि गर्दीत चुकलेल्या एका म्हातारीला सिस्टरांपर्यंत पोचवून आले.

परत येताना मी पुढं केबिनमधे. श्रीरामपूर सुटलं आणि क्रूसाचा विषय निघाला, त्यांच्यात ईसा क्रूसावर मेलेच नाहीत, अल्लानं वर उचलून घेतलं. मी उत्तम शुक्रवारचं, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं त्या दिवसाचं, सगळं सांगत बसलो, ते मधे मधे "हां, पण" करत राहिले. देवळालीला पंपावर थांबलो तरी मिटलं नव्हतं.