काळी वाळू: मॅग्नेटाइट निघालं, आता इल्मेनाइट

रत्नागिरीच्या काळ्या वाळूतलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला जोरात ओढलं जाणारं लोखंडाचं खनिज, चुंबकाने वेगळं काढायची रीत आता पक्की बसली आहे. इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज, अजून हवं तितकं स्वच्छ निघत नाही, पण खरी गंमत त्यातच आहे.

वाळू 200 ग्रॅम पुरे. गोड्या पाण्याने तीनदा धुवायची. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा धरतं आणि कण चिकटतात. मग तव्यावर मंद आचेने कोरडी करून पूर्ण गार होऊ द्यायची, कारण साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की कायमचं कमजोर होऊ लागतं. गार वाळू मैद्याच्या चाळणीने चाळून बारीक पूड बाजूला काढावी. ती सगळ्याच कणांना चिकटून बसते.

पहिला हात फेराइटचा, म्हणजे स्पीकरमध्ये असतं त्या काळ्या, साध्या चुंबकाचा. जुन्या स्पीकरमधलं कडं पिशवीत घालायचं आणि वाळूच्या पातळ थरावरून साधारण 2 सेंटिमीटर उंचीने फिरवायचं. दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून कडं वर ओढलं की माल खाली पडतो. तो लगेच शुद्ध समजू नये. चुंबकाजवळ मॅग्नेटाइटचे कण स्वतःच चुंबक होतात, एकमेकांना धरून साखळ्या करतात आणि त्यांत शिंपल्यांचा चुरा, क्वार्ट्झ अडकून वर येतो. पसरून पुन्हा उचलणं तीन-चार वेळा करावंच लागतं. तरीही 10 पट भिंगाखाली काही मळकट करडे कण दिसतात. ते बेसॉल्टचे तुकडे; मॅग्नेटाइट त्यांच्या पोटात असतं. कुटून बारीक केल्याशिवाय ते सुटत नाही.

मॅग्नेटाइट संपल्याशिवाय निओडिमियम जवळ आणायचं नाही, नाहीतर सगळं एकाच झुबक्यात येतं. इल्मेनाइट नेहमीच्या तापमानाला पॅरामॅग्नेटिक असतं, म्हणजे चुंबकाकडे अगदी हलकंच ओढलं जातं. मॅग्नेटाइटच्या मानाने त्याची ओढ साधारण हजारपट क्षीण. इथे नुसत्या जोरदार चुंबकाने भागत नाही. कण उचलणारं बल दोन गोष्टींवर ठरतं: चुंबकीय क्षेत्र किती आहे आणि ते जागेनुसार किती झपाट्याने बदलतं. म्हणून 20 मिलिमीटर व्यासाची, 10 मिलिमीटर जाडीची निओडिमियमची चकती आडवी धरली तर मधला सपाट भाग जवळजवळ रिकामा राहतो आणि कडेला कण जमतात. चकती तिरकी धरून कडच वाळूकडे करावी, मध्ये कागद, अंतर 2 मिलिमीटर. चकतीला लोखंडी खिळा लावून त्याचं टोक वापरलं तर पकड आणखी सुधारते. वाळूचा थर एका कणाइतकाच जाड हवा.

पिशवीवरच्या स्थितिक विजेने क्वार्ट्झही वर येतं. शंका आली तर त्याच पिशवीत तेवढाच लाकडी तुकडा घालून पाहावं. कण चिकटले तर तो चुंबकाचा गुण नव्हे. पिशवी सोडून कागद घ्यावा.

ओळख पटवायला टाइलच्या खडबडीत पाठीवर कण चिरडून घासायचे: मॅग्नेटाइटची रेघ काळी, इल्मेनाइटची तपकिरीकडे झुकणारी.

अडचण उरली आहे ती अंतराची. हाताने धरलेली चकती 2 मिलिमीटरवर स्थिर राहत नाही. आता चकती लाकडी स्टँडवर घट्ट बसवून कागदी ट्रे खालून सरकवायची तयारी चालू आहे. निकेलचा मुलामा उडालेली चकती त्यावर बसवू नये. खारट वाळूच्या सहवासात ती आतून गंजून भुगा होते.