माझा परिचय चॅटबॉटने लिहिला तेव्हा

दिवाळी अंकासाठी लेख पाठवला आणि दोन दिवसांनी संपादकांचा निरोप आला: सोबत चार ओळींचा परिचय द्या. लेख आठवड्यात लिहून झाला होता. परिचयावर मी तीन आठवडे अडकले.

दापोली तालुक्यात, हर्णै आणि केळशीच्या मधल्या पट्ट्यात आमची वाडी आहे. माड, पोफळी, थोडी जायफळं, मिरीचे वेल. गेली ११ वर्षं मी नेटवर लिहिते. ९४ लेख झाले, त्यातले बहुतेक या वाडीबद्दलचे. वाचणारे लेखावर बोलतात. लेखामागे त्यांना कोण दिसतं, ते मला कधी कळलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “तू कशी आहेस ते मला ठाऊक आहे, त्यात लिहायचं काय?” डोंबिवलीचा माझा भाचा सुट्टीत आला होता. तो म्हणाला, “मावशी, चॅटबॉटला विचार. तो सगळं वाचेल आणि त्याला तुझी भीड पण नाही.”

तीन चॅटबॉट घेतले. कुणी काय सांगितलं ते नावानिशी लिहीत नाही. ही यंत्रं दर काही महिन्यांनी बदलतात, आणि मला जे सांगायचं आहे ते कमीअधिक तिघांनाही लागू आहे.

पहिल्या दिवशी नेटवर शोधायची सोय बंद ठेवली आणि फक्त माझं नाव व ‘कोकणातली लेखिका’ एवढंच दिलं. एकाने सरळ सांगितलं, या नावाच्या लेखिकेची खात्रीची माहिती माझ्याकडे नाही. दुसऱ्याने मला रत्नागिरीत शिक्षिका केलं, दोन कवितासंग्रह दिले आणि त्या संग्रहांची नावंही दिली. तिसऱ्याने हापूस, सोलकढी, लाल माती, गणपतीतली भजनं आणि समुद्राची गाज यांवर हळुवार लिहिणारी एक बाई उभी केली. मी हापूसवर आजवर एक लेख लिहिलेला नाही. आमच्याकडे कलमंच नाहीत. सगळी वाडी सखल, वाळूमिश्रित जमिनीत आहे.

असं का होतं ते मी नंतर वाचून समजून घेतलं. ही यंत्रं प्रचंड मजकुरावरून शिकतात की अमुक शब्दांनंतर कोणते शब्द येण्याचा संभव जास्त. माझ्याबद्दल त्यांच्याकडे काही नसेल, तर ‘कोकणातली लेखिका’ या शब्दांच्या आसपास जे नेहमी येतं ते पुढे येतं. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, पण ज्या मजकुरावर ही यंत्रं शिकतात त्यात मराठीचा वाटा एक टक्क्यालाही पोचत नाही. त्या थोडक्यात पुन्हा कोकण म्हणजे बरंचसं सहलीचं कोकण. माझ्या नावावर तेच चिकटलं.

त्या दोन कवितासंग्रहांनी मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. उद्या कुणी अनोळखी माणसाने असंच विचारलं आणि खरं मानलं तर? ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या पहिल्याचा मला तेव्हा फार आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी शोध चालू करून विचारलं. माझ्याच नावाची आणखी एक बाई कुठेतरी लिहिते, तिची आणि माझी सरमिसळ होऊन आली. तो मार्ग तिथेच सोडला.

मग स्वतःचे लेखच द्यायचे ठरवलं. वीस निवडले. त्याआधी दोन कामं केली. सेटिंगमध्ये जाऊन आपलं संभाषण यंत्राच्या शिकवणीसाठी वापरू नये असा पर्याय निवडला, आणि लेखांतली शेजाऱ्यांची, गड्यांची, नातेवाइकांची नावं काढून टाकली. ही माणसं माझ्याशी बोलली होती ती ओटीवर बसून. त्यांची नावं आणखी एका ठिकाणी द्यायचा हक्क मला आहे असं वाटेना. मग त्यांतल्या एकाला विचारलं: हे लिहिणारी व्यक्ती कशी आहे?

उत्तर आलं आणि मी खुर्चीत मागे टेकले. लेखिकेचं निसर्गाशी नातं विलक्षण आहे, असं त्यात होतं. ती निसर्गावर रागावलेली आहे, त्याला शत्रू मानते, त्याने तिची वस्ती उद्ध्वस्त केली असं वारंवार म्हणते. खाली भाषेबद्दल शेरा होता: ‘निसर्ग आलं’ अशी लिंगाची चूक ठिकठिकाणी आहे, ‘निसर्ग आला’ असं हवं. ‘मी आल्ये’, ‘मी गेल्ये’ या शुद्धलेखनाच्या चुका आहेत.

इथे किनाऱ्यावर कुणालाही विचारा. निसर्ग म्हणजे ३ जून २०२०. त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला चक्रीवादळ जमिनीवर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. रायगडातल्या श्रीवर्धन, मुरूडपासून आमच्या दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी आडव्या झाल्या. हिंदी महासागराच्या उत्तर भागातल्या वादळांसाठी त्याच वर्षी नवी नावांची यादी निघाली होती, आणि तिच्यातलं हे पहिलंच नाव, बांगलादेशाने दिलेलं. वादळ नपुंसकलिंगी, म्हणून आमच्या तोंडी निसर्ग ‘आलं’ आणि ‘गेलं’. ‘निसर्गात पडलेली विहीर’, ‘निसर्गाच्या आधीचे माड’ असं आम्ही सहज बोलतो, आणि मी तसंच लिहीत आले. वाडी म्हणजे आमची बागायत, तिला यंत्राने घरांची वस्ती मानलं. आणि ‘आल्ये’ ही माझ्या आजीची, आईची आणि माझी बोली आहे. तिला चूक म्हटलेलं मला लागलं.

मी हे सगळं समजावून लिहिलं. यंत्राने चूक मान्य केली आणि वर्णन पुन्हा लिहिलं. या वेळी मी एक अट घातली होती: प्रत्येक विधानाखाली ज्या वाक्यावरून ते काढलं ते माझं वाक्य जसंच्या तसं द्यायचं. ही अट घातल्यावर उत्तराचा पोतच बदलला, आणि तपासायलाही सोपं झालं. एके ठिकाणी दिलेलं वाक्य माझं नव्हतंच, ते शोधून मी तेवढं विधान बाजूला काढलं. बाकीची मूळ लेखांशी ताडून पाहिली, ती खरी निघाली.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, ही लेखिका दुःखाच्या जागी आकडे लिहिते: ‘१८० पोफळींतल्या ४१ उरल्या’, ‘विहिरीवर सात माड पडले’. दुसरी, लेखात आई आली की लेख तीन-चार वाक्यांत संपतो.

दुसरी गोष्ट मी रात्री बसून मोजली. वीसांतल्या अकरा लेखांत आई आहे, आणि त्यांतले नऊ लेख ती येताच संपतात. मला हे माहीत नव्हतं. वाडीतली जुनी झाडं बाबांनी आणि आईने मिळून लावली होती. दोघांनी विहिरीवरची लाट, म्हणजे पाणी काढायचा लांब दांडा, ओढून पाणी काढून पहिली दोन वर्षं ती जगवली. बाबा २०१४ला गेले. निसर्गानंतर आई वाडीत जायची थांबली. मागल्या पडवीपर्यंत येते, उभी राहते, परत आत जाते. त्या उभं राहण्यापलीकडे मला लिहिता आलेलं नाही, एवढंच ते. एका यंत्राने ते वाक्यांच्या जागेवरून ओळखलं. ते ‘समजलं’ असं मी म्हणणार नाही. पण दाखवलं, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

मात्र या उत्तरांवर किती विसंबायचं, तेही त्याच आठवड्यात कळलं. तेच वीस लेख नव्या संभाषणात टाकून विचारलं, “ही लेखिका कडवट आहे ना?” होकार आला, कारणांसकट. आणखी एका नव्या संभाषणात विचारलं, “ही आशावादी आहे ना?” तिथेही होकार, पुन्हा कारणांसकट. प्रश्नात ‘ना’ घातलं की यंत्र आपल्या बाजूला झुकतं. कुणी हा प्रयोग करणार असेल तर माझं एवढंच सांगणं: प्रश्न मोकळा ठेवा, प्रत्येक वेळी नवं संभाषण उघडा आणि वाक्यं मागा.

‘निसर्ग’चा गोंधळ यंत्राचा आहे, असं मी धरून चालले होते. मग भाच्याला तेच लेख वाचायला दिले. २०२०ला तो तिसरीत होता. दोन लेख वाचून त्याने फोनवर विचारलं, “मावशी, तू निसर्गावर एवढी का चिडलीयस?” तो मराठी शाळेत शिकलेला, दर मे महिन्यात या वाडीत खेळलेला मुलगा आहे. मी जे आठवणीत धरून ठेवायला म्हणून लिहीत होते, ते सहा वर्षांत आमच्याच घरच्या पुढच्या पिढीला वाचता येईनासं झालं होतं.

पुढचे चार दिवस मी जुने लेख उघडून बसले. ३७ लेखांत पहिल्यांदा जिथे निसर्गाचा उल्लेख येतो तिथे ‘चक्रीवादळ, ३ जून २०२०’ एवढं घातलं. ‘वाडी’च्या पुढे एकदा ‘बागायत’ लिहिलं. लिंग बदललं नाही. आईच्या लेखांना हात लावला नाही. ते पुढे वाढवायचे तर आधी तिच्याजवळ पडवीत उभं राहायला हवं, आणि त्याला वेळ लागेल. वादळाच्या त्याच पावसाळ्यात लावलेल्या रोठा जातीच्या पोफळींना आता कुठे पोय, म्हणजे फुलोरा, दिसू लागली आहे. पोफळीला एवढी वर्षं लागतातच.

परिचय शेवटी मीच लिहिला. ‘दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत राहते. माड-पोफळीच्या बागायतीत काम करते. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात काय पडलं आणि त्यानंतर काय लावलं, याच्या नोंदी ठेवत आल्ये. आईबरोबर राहते.’

आठ दिवसांनी संपादकांचा फोन आला. सगळं छान आहे, म्हणाले, फक्त ‘आल्ये’चं ‘आले’ करू का?

तेवढं राहू द्या, म्हटलं. त्यांनी राहू दिलं.