आमची वाटचाल : लहान जॅकेटांचं कपाट

आमच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला एक लोखंडी कपाट आहे. नव्या माणसाला वाटतं, फायली असणार. आत मुलांची गरम जॅकेटं आहेत, 98 सेंटिमीटर उंचीच्या पोरापासून 152 पर्यंतच्या मापांची. खालच्या खणात न भिजणारे हातमोजे, लोकरी मोजे आणि कानटोप्या. मुलाबाळांच्या कुटुंबांना हिवाळ्यात युरोपला न्यायच्या या धंद्यात आम्ही टिकलो ते या कपाटामुळे, असं माझं मत. आमचे हे म्हणतात, हिशेब चोख ठेवल्यामुळे. हिशेब हेच बघतात, म्हणून असेल.

सासऱ्यांचं सांगलीत स्टँडजवळ खासगी बसचं बुकिंग होतं. पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या गाड्या, दिवाळीत झुंबड आणि एरवी माश्या मारायच्या. लग्न होऊन आल्यावर मी काउंटरवर बसायला लागले. आधी रेल्वेची तिकिटं, मग विमानाची. मिरजेचे डॉक्टर परिषदांना परदेशी जायचे, त्यांचे व्हिसाचे फॉर्म मी भरून द्यायची. त्यातल्याच एक डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "अगं, एवढे फॉर्म भरतेस, तर आम्हा चौघांची युरोपची सहलच ठरव की. पण डिसेंबरात. मे महिन्यात दवाखाना सोडता येत नाही मला."

डिसेंबर ऐकून सासरे हसले होते. पण मी बसल्या बसल्या सांगलीचं कॅलेंडर मांडून बघितलं. तासगावचे द्राक्षवाले तेव्हा बागेतून हलत नाहीत. धुकं पडलं की त्यांची झोप उडते. कारखान्याची माणसं गाळपात अडकलेली. उरले कोण? डॉक्टर, आणि मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आधी त्यांना जरा उसंत असते. त्यांची बरीच मुलं सीबीएसईच्या शाळांत, म्हणजे नाताळची सुट्टी हक्काची. मे महिन्यात मोठ्या कंपन्यांशी टक्कर घ्यायची आमची ऐपत नव्हती. डिसेंबर रिकामा होता.

पहिली सहल 2014 ची. तीन कुटुंबं, पाच मुलं आणि सोबत मी. सहलीचा कार्यक्रम मी उन्हाळी सहलींच्या पत्रकांवरून बेतला होता, सकाळी आठला बाहेर आणि रात्री आठला परत. डिसेंबरअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो, हे मला तिथं अंधारात बसमध्ये चढताना कळलं. आणि बर्फ? पॅरिसात पाऊस होता. आपल्या आषाढासारखा नव्हे, गार आणि चिवट. सहा वर्षांच्या एका मुलानं आयफेल टॉवरखाली फतकल मारली आणि विचारलं, "मावशी, बर्फ कुठाय?" त्याला शेवटपर्यंत बर्फ दिसला नाही. त्याच्या वडिलांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी सगळं उलटं केलं. डिसेंबरात शहरात बर्फ मिळेलच असं नसतं, तो उंचावर शोधावा लागतो. म्हणून मुक्काम स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला, चार रात्री एकाच ठिकाणी. गाव 1,274 मीटरवर. तिथं गाडीरस्ता जात नाही, रेल्वेनंच जायचं. मुलांना रस्त्यात सोडलं तरी आईच्या जिवाला घोर नसतो. 3,454 मीटरवरच्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीला जायचं ते एकदाच, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, आणि फार तर दोन-तीन तास. हवा विरळ असते तिथं, लहान मुलं लवकर मलूल होतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना आम्ही वर नेतच नाही, आईवडिलांनी कितीही गळ घातली तरी. बाकीचे दिवस सकाळी दहाला बाहेर आणि चारला खोलीवर. मधल्या वेळात स्लेजवरून घसरायचं, पडायचं, परत चढायचं. एक काका तक्रारीच्या सुरात म्हणाले, "चार दिवसांत आम्ही एकच डोंगर बघितला." त्यांची नात मात्र परत यायला तयार नव्हती.

पैशाचंही बसतं. तिथला रेल्वेचा पास आईनं किंवा वडिलांनी घेतला की सहा ते पंधरा वर्षांची मुलं त्यांच्यासोबत फुकट फिरतात. फक्त फॅमिली कार्ड मागून घ्यायचं, तेही फुकट. दोन मुलं असली की हिशेबात केवढा फरक पडतो, ते ह्यांना विचारा.

त्याच वर्षी जॅकेटांचा प्रश्न आला. इथं स्वेटर मिळतात, बर्फातलं जॅकेट नाही. पुण्याहून आणायचं तर आठ दिवसांसाठी एवढा खर्च, आणि पुढच्या हिवाळ्यात पोराचे हात बाहीतून वीतभर बाहेर! लोकरी हातमोजे बर्फात दहा मिनिटांत ओले होतात, मग रडारड. मी आधी सहा जॅकेटं घेतली आणि अनामत घेऊन वापरायला दिली. परत आल्यावर धुवायची, गच्चीवर वाळवायची. मग ज्यांची मुलं मोठी झाली तेच लोक आपली जॅकेटं आणून द्यायला लागले. हातमोज्यांचे मात्र प्रत्येक मुलामागे दोन जोड देतो. एक जोड रोज हरवतो.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा ऑफिसात आली. डिसेंबरच्या कुटुंबांचे पासपोर्ट आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकले होते, ते वाचले. कपाट पाण्याखाली गेलं. जॅकेटं तीनदा धुतली तरी आतल्या पिसांचे गोळे झाले आणि गाळाचा वास जाईना, अर्धी टाकावी लागली. तरी डिसेंबरात सहल गेली. त्यानंतर कोरोना. त्या दोन वर्षांत परताव्यांसाठी फोन करण्यापलीकडे काही केलं नाही, त्यावर लिहिण्यासारखंही काही नाही. बसचं बुकिंग तेव्हाच बंद झालं.

चुका अजून होतात. एका वर्षी 24 डिसेंबरला आम्ही ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला होतो. तिकडे त्या दिवशी दुपारनंतर दुकानं बंद होतात, हॉटेलांची स्वयंपाकघरंही बरीच बंद. मला माहीत होतं, पण गाडी उशिरा पोचली आणि हाती एक दुकान लागलं नाही. चौदा माणसं, त्यात सात मुलं. रात्री खोलीत भडंगाची पाकिटं फोडली, कुणाकडे तरी मेतकूट निघालं, केटलमध्ये पाणी उकळून सूप झालं. भडंग खाताना सगळी पोरं खूश. आई लोक माझ्याकडे बघत नव्हत्या. तेव्हापासून 24 चं रात्रीचं जेवण आम्ही ऑक्टोबरातच ठरवतो.

खाण्यावरून आणखी एक. निघायच्या आदल्या दिवशी आजी हमखास वाडीचे पेढे पिशवीत घालतात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला तेवढी सूट आहे. पेढे आणि तूप मी ऑफिसातच काढून घेते. आजी रागावतात. मी म्हणते, "आजी, नरसोबाला माझ्याकडून सांगा."

कागदांत लोक अडखळतात ते मुलांच्याच. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाचच वर्षांचा, हे आयत्या वेळी लक्षात येतं. बारा वर्षांखालच्या मुलांना शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत, मोठ्यांना द्यावे लागतात. ते काम मुंबई-पुण्याला जाऊन करायचं. 2023 च्या ऑक्टोबरात परदेशी सहलींवर सात लाखांच्या वरच्या रकमेला 20 टक्के टीसीएस, म्हणजे सहलीचे पैसे घेतानाच वसूल करायचा आयकर, लागला, तेव्हा दोन कुटुंबं गळाली. हा कर रिटर्न भरताना वजा होतो, असं आमचे हे सगळ्यांना समजावत बसले होते. हळदीवाल्यांना ते लगेच कळलं.

नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे उत्तरेकडे रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशासाठी, हल्ली फार विचारणा होते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना घेऊन डिसेंबरात फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला मी नेत नाही. दिवसाचा उजेड जेमतेम दोन-अडीच तास, आणि ढग असले तर रात्रभर थंडीत जागूनही काही दिसत नाही. पोर बारा-तेराचं झालं की या, म्हणते.

परवा एक तरुण मुलगा ऑफिसात आला. आयफेल टॉवरखाली फतकल मारणारा तोच. इंजिनिअरिंगला आहे आता. धाकट्या बहिणीला वेंगेनला न्यायचंय म्हणाला, आईवडिलांबरोबर तोही येणार. बहिणीच्या मापाचं, 128 चं जॅकेट एकच उरलं होतं. त्याची चेन जरा अडते. ती बसवून घ्यायला मी टेलरकडे पाठवलंय.