त्या एका ओळीत काय शोधता?

"सामना संपला, कोण जिंकलं तेही कळलं. मग पुढचा अर्धा तास एकेका खेळाडूच्या आकड्यांत काय शोधत बसता?" माझ्याशी बेसबॉलबद्दल बोलणारं माणूस कधी ना कधी या प्रश्नावर येतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सामन्याच्या गुणपत्रकात प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांची एक ओळ असते. तिच्यात मी शोधते ते एवढंच: त्यातलं त्या खेळाडूचं स्वतःचं किती आणि इतरांमुळे त्याच्या नावावर चढलेलं किती.

२६ मे १९५९ चा मिलवॉकीतला सामना घ्या. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हार्वी हॅडिक्स याने १२ इनिंग (डाव) यजमान ब्रेव्ह्ज संघाच्या एकाही बॅटरला पहिल्या बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर) पाय ठेवू दिला नाही. लागोपाठ ३६ जण बाद! पण समोर ब्रेव्ह्जचा पिचर लू बर्डेट होता आणि त्याच्यापुढे पायरेट्सनाही धाव काढता येत नव्हती, म्हणून सामना नेहमीच्या नऊ इनिंगपुढे लांबत गेला. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर फील्डिंग करणाऱ्या पायरेट्सच्या डॉन होकची फेक चुकली आणि ब्रेव्ह्जचा फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर पोचला. एडी मॅथ्यूजने बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवून) त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. मग हँक ॲरनला मुद्दाम वॉक दिला (न खेळता पहिला बेस बहाल केला), आणि पुढच्या जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. धावताना ॲडकॉक ॲरनच्या पुढे गेला, त्यामुळे होम रनऐवजी डबलच (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका) धरला गेला. मँटियाची धाव मात्र मोजली गेली. पायरेट्स १-० ने हरले.

आता दोघांच्या ओळी शेजारी ठेवा. पिचरच्या ओळीत त्याने दिलेले हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) असतात, आणि सामन्याचा विजय किंवा पराभवही पिचरच्या नावावर लिहितात. बर्डेट: १३ इनिंग, १२ हिट, विजयी. हॅडिक्स: १ हिट, १ वॉक, ८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले), पराभूत. आणि ती एकमेव धाव सहकाऱ्याच्या चुकीतून आलेली, म्हणजे हॅडिक्सच्या खात्यावर अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीविना पिचरने दिलेली धाव) शून्य. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. तेव्हापासून विजय-पराभवाचा रकाना मी सगळ्यात शेवटी वाचते. हा बदल माझ्या एकटीत झालेला नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा पिचर जेकब डिग्रॉम याने मोसमभर १.७० च्या ईआरएने (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रनच्या सरासरीने) पिचिंग केलं, तरी त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराभवच होते. पूर्वी तेवढ्यावरूनच तो मागे पडला असता. त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला.

बॅटरचं वाचन वेगळं. 'चारपैकी शून्य' दिसलं की लोक लगेच म्हणतात, फॉर्म गेला. साधा हिशेब करून बघा: ०.३०० सरासरीचा उत्तम बॅटरसुद्धा दर संधीला ७० टक्के वेळा हिटविना परततो. चारही संधी तशाच जाण्याची शक्यता जवळपास २४ टक्के निघते. म्हणजे चार सामन्यांत एकदा! म्हणून मी त्या शून्यावर न थांबता खालचं बघते. किती चेंडू खेळून काढले? चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला? ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाच्या फटक्याला जोरकस धरतात. तसे दोन फटके थेट फील्डरच्या हातात गेले असतील, तर त्या माणसाचा दिवस वाईट नव्हता. आरबीआयचंही (आपल्या फटक्यावर आणलेल्या धावांचं) तसंच: त्याच्या आधीचे सहकारी बेसवर पोचलेच नसतील, तर त्याने आणायचं कुणाला?

भरगच्च ओळसुद्धा मी अशीच तपासते. १९ सप्टेंबर २०२४ रोजी मायामीत लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओतानीने मायामी मार्लिन्सविरुद्ध सहापैकी सहा हिट मारले, त्यात ३ होम रन, १० आरबीआय मिळवले आणि २ बेस चोरले (फटक्याविना पुढचा बेस गाठला), आणि त्याच दिवशी एका मोसमात ५० होम रन आणि ५० चोरलेले बेस गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. एवढी सुंदर ओळ मी दुसरी बघितलेली नाही. तरी मी प्रतिस्पर्ध्यांच्या पिचरचा रकाना उघडलाच. शेवटचा होम रन खऱ्या पिचरला मारलेला नव्हता. सामना हातचा गेल्यावर मार्लिन्सनी एका इनफिल्डरच्या (बेसजवळ फील्डिंग करणाऱ्याच्या) हाती चेंडू दिला होता. त्यामुळे बाकीचे पाच हिट तसूभरही उणे होत नाहीत, पण सहावा मी वेगळा मोजते.

आणि एक गोष्ट त्या ओळीत नाहीच. त्या सहा हिटमध्ये ओतानीचे दोन डबल होते. त्यांपैकी एकावर तो दुसऱ्या बेसवर थांबला नव्हता, तिसऱ्या बेसकडे धावला आणि तिथे बाद झाला. तिथे पोचला असता तर सिंगल, डबल, ट्रिपल, होम रन असं सगळं एकाच सामन्यात झालं असतं. आकड्यांत तो फटका फक्त 'डबल' म्हणून लिहिलेला आहे. ती ओळ काढली की मी आधी तोच डबल शोधते.