गव्हाचं जुनं घर

इंग्लंडात सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बार्नच्या, म्हणजे शेतावरच्या जुन्या धान्यकोठारांच्या, जाहिराती पाहिल्या की मला स्थळांच्या माहितीपत्रकासोबत येणारे फोटो आठवतात. पोझ ठरलेली. वर काळपट ओकच्या तुळया, खाली पेटलेला लाकडांचा स्टोव्ह, सोफ्यावर मुद्दाम तिरकी टाकलेली लोकरीची शाल आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाफाळता मग. त्या मगातलं कुणी पिताना दिसत नाही. दाराशी असलेला घोटाभर चिखलही दिसत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. ती गाठून आम्ही रेडिंगहून पश्चिमेला तासाभरावर, फॅरिंग्डनच्या बाजूला, असंच एक दगडी बार्न घेतलं. सासूबाई तेव्हा ओतूरहून आमच्याकडे आल्या होत्या. बेत ऐकून त्या म्हणाल्या, "पैसे मोजून गोठ्यात राहायचं? आपल्या गोठ्यात तुम्हाला दहा मिनिटं उभं राहवत नाही."

"आई, गोठा नाही हो. धान्य ठेवायचे तिथे."

"मग उंदीर असतील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सामान भरलं. वाटेत स्विंडनला थांबलो. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे कोकम आणि नारळाची सोय झाली. पुढचा रस्ता एकाच गाडीपुरता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं कुंपण. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जायचं, आणि मग एकमेकांना हात करायचा. हात न करणं इथे फार वाईट समजतात.

बार्न म्हणजे एक लांबलचक, उंच, एकसंध खोली. भिंती मधाळ रंगाच्या चुनखडी दगडाच्या, हातभर जाड. छपरावर कौलं नाहीत, दगडाच्याच चिपा; पावळणीला मोठ्या आणि आढ्याकडे जाता जाता लहान होत गेलेल्या. एका टोकाला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या टोकाला माळा काढून त्यावर पलंग. मध्यावर समोरासमोरच्या दोन भिंतींत दोन प्रचंड दारं. पूर्वी लाकडी होती, आता छतापर्यंत काच. त्या दोन काचांच्या बरोबर मधे जेवणाचं टेबल.

मुलं माळ्यावर धावली, नवरा वायफायचा कागद शोधू लागला. सासूबाई मात्र त्या दोन दारांच्या मधे उभ्या. एकदा या दाराकडे बघितलं, एकदा त्या. मग म्हणाल्या, "दोन्ही उघड गं जरा."

बाहेर सात-आठ डिग्री. तरी उघडली. वारं असं सरळ आरपार गेलं की टेबलावरचा माहितीचा कागद उडून थेट पलीकडच्या अंगणात.

"हे खळं आहे," त्या म्हणाल्या.

मी इतकी वर्षं या देशात आहे. अशी बार्न्स मोटारीतून शेकडो पाहिली असतील. दारं समोरासमोर का असतात हे मनात आलं नव्हतं. मला वाटायचं, गाडी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढायला सोपं. तेही खरंच आहे. पण मुख्य कारण त्या काही सेकंदांत ओळखून मोकळ्या झाल्या होत्या. ज्या बाईने लग्नानंतर कित्येक सुग्या वावडीखाली, म्हणजे उफणणीच्या उंच तिवईखाली, सुपं भरून दिली, वारं पडलं म्हणून दुपारभर खळ्यावर बसून काढली, तिला वाऱ्याची वाट कुठून कुठे जाते हे शिकवावं लागत नाही.

या दोन दारांमधल्या पट्ट्यावर हिवाळाभर मळणी चालायची. गव्हाच्या पेंढ्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत रचलेल्या. त्यातल्या थोड्या मधे पसरायच्या आणि दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून आळीपाळीने झोडपायच्या. हत्यार म्हणजे लांब दांडा आणि त्याला चामड्याच्या वादीने बांधलेलं आखूड दांडकं. पुरेसं झालं की दोन्ही दारं उघडायची, धान्य वर उडवायचं. भूस वाऱ्यावर जातं, दाणा खाली पडतो. आपल्याकडे तेच काम तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरवून होई आणि वावडीवर चढून उफणणी होई. फरक एवढाच, की यांना खळ्यावर छप्पर घालावं लागलं.

का घालावं लागलं, ते दुसऱ्या दिवशी शेताच्या कडेने फिरताना दिसलं. गहू उगवून बोटभर झाला होता. सासूबाईंना हे पटेना. "आत्ताशी ऑक्टोबर आहे. आपल्याकडे अजून पेरा व्हायचाय." इथला गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि काढतात पुढच्या ऑगस्टमध्ये. आपला गहू नोव्हेंबरात मातीत जातो आणि शिमग्याच्या आगेमागे घरात येतो. वर कोरडं आभाळ, चार आठवडे खळं उघड्यावर राहिलं तरी चिंता नाही, आणि अवकाळीने गाठलं तर त्याची बातमी होते. इथे सगळेच पाऊस अवकाळी. ऑगस्टमध्ये मिळतील त्या उन्हाच्या दिवसांत पीक कापायचं, बांधायचं, आत कोंबायचं. मळायचं सावकाश, बाहेर काही करता येत नाही अशा दिवसांत.

एका सकाळी पाऊस थांबेना, तेव्हा मी दाराची दगडी चौकट निरखत बसले. दोन्ही बाजूंच्या दगडांत खाली, गुडघ्याच्या उंचीपर्यंत, बोटभर रुंद खाच कोरलेली आहे. कडा गुळगुळीत झालेल्या. त्या खाचेत फळ्या सरकवायच्या. मळणी चालू असताना दार उघडं हवं, पण दाणा उसळून बाहेर जाता कामा नये आणि कोंबड्या आत येता कामा नयेत. म्हणून खालचा गुडघाभर भाग फळ्यांनी बंद. आता काचेच्या दाराला त्या खाचेचा काही उपयोग नाही. बुजवली नाही हे नशीब. धाकट्याने तिच्यात लेगोचे तुकडे उभे बसवले, तेही बरोबर बसले.

वर तुळयांवर सुताराच्या छिन्नीच्या खुणा आहेत, एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, प्रत्येक सांध्यावर आकडा कोरायचे, मग सुटा करून वर चढवायचे. चौथ्या जोडावर रोमन चार आपण शाळेत शिकलो तसा नाही, सरळ चार उभ्या रेघा. सुताराला छतावर उलटं लटकून आकडा वाचायचा असतो, तिथे वजाबाकी कोण करत बसणार.

या झोडपण्याच्या कामाला एक दुखरी बाजूही आहे. शेतमजुराला हिवाळ्यात दुसरं काम नसे. मळणी होती म्हणून घरात भाकरी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मळणीयंत्रं आली आणि ते काम हातचं गेलं. १८३० मध्ये केंटपासून मजुरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली आणि ते लोण दक्षिण इंग्लंडभर, या भागातही पसरलं. शेतकऱ्यांना धमकीची पत्रं जात, खाली सही 'कॅप्टन स्विंग'. असा कुणी कॅप्टन नव्हता. सरकारने १९ जणांना फाशी दिली आणि पाचशेच्या आसपास लोकांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केलं. बार्नमध्ये ठेवलेल्या माहितीच्या फायलीत यातलं अक्षर नाही. तिथे सेप्टिक टँकमध्ये काय टाकू नये यावर मात्र दीड पान आहे.

जवळच ग्रेट कॉक्सवेलचं बार्न आहे, ते पाहून आलो. हे मात्र भाड्याने मिळत नाही, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. ब्यूलीच्या मठातल्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचं ते कोठार. लाकडातल्या वर्षवलयांवरून काळ निघतो तो १२९२ च्या सुमाराचा, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता. लांबी १५२ फूट. आत शिरलं की लाकडी खांबांच्या दोन रांगा, एकेक खांब पुरुषभर उंचीच्या दगडी पायावर ठेवलेला, ओल लाकडापर्यंत चढू नये म्हणून. एकोणिसाव्या शतकातला कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस जवळच केल्म्सकॉटला राहायचा आणि पाहुण्यांना हे दाखवायला आणायचा. त्याच्या लेखी हे कॅथीड्रलच्या तोडीचं होतं. अशा मोठ्या बार्नला लोक सरसकट टाइद बार्न म्हणून मोकळे होतात, म्हणजे चर्चचा दहावा हिस्सा साठवायची जागा. इथे तसं नव्हतं, साधूंची स्वतःचीच शेती होती. सासूबाईंना देवाच्या माणसांची एवढी मोठी शेती असते याचं काही आश्चर्य वाटलं नाही. देवस्थानच्या जमिनी त्यांना ठाऊक आहेत.

राहायला बार्न कसं असतं, हा प्रश्न मला परत आल्यावर सगळ्यांनी विचारला. गव्हाच्या सोयीने बांधलेल्या घरात माणसाची जी गैरसोय व्हायची ती होते. गव्हाला हवा हवी, उजेड नको. म्हणून भिंतींत खिडक्या नाहीतच, नुसत्या उभ्या फटी. बाहेरून चार बोटं रुंद आणि आत येताना पसरत गेलेल्या. आता त्यांत काचा आहेत. नव्या खिडक्या पाडायला नियोजनखातं सहसा राजी नसतं, त्यामुळे सकाळी नऊलाही दिवा लावावा लागतो. ऊब सगळी आढ्याला जाते. माळ्यावर झोपणाऱ्याला पांघरूण नको होतं, खाली आम्ही दोन-दोन रजयांत. आणि खाजगीपणा शून्य. खाली कुजबुजलं की माळ्यावरून उत्तर येतं. नवरा घोरायला लागला की ते अख्ख्या बार्नमध्ये घुमतं; मुलांनी एका रात्री त्याला टाळ्या वाजवल्या.

मला तेच आवडलं, हे सांगायला हवं. रेडिंगच्या घरात चार खोल्यांत चार दारं लागलेली असतात. इथे रुसायचं तरी सगळ्यांसमोर रुसावं लागतं.

स्टोव्हचा ताबा पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंकडे गेला. फायलीत सूचना होत्या: वरची झडप उघडा, खालची उघडा, पेटवण आडवी-उभी रचा, दार किंचित किलकिलं ठेवा. नवऱ्याने सूचनेबरहुकूम केलं आणि धूर घरात घेतला. त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं, जळती काडी धुराड्याच्या तोंडाशी क्षणभर धरली, "आधी वाट गरम करावी लागते," म्हणाल्या, आणि मग खाली लावली. पेटलं. लाकडं भट्टीत वाळवून, जाळीच्या पिशवीत विकतात हे कळल्यावर त्यांनी पिशवीची किंमत विचारली. मी अर्धी सांगितली.

वरच्या कडेला, भिंतीच्या त्रिकोणात, वीतभराचं गोल भोक आहे. घुबडासाठी मुद्दाम ठेवलेलं. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे घुबड; म्हणून बांधतानाच त्याची वाट काढून ठेवायची. आपल्याकडे घुबड घरावर बसलं तरी शांती करायला निघतात, इथे त्याला नोकरीवर ठेवत. आमच्या बार्नमध्ये त्या भोकाला काच आहे आणि घुबडाची पेटी बाहेर झाडावर हलवली आहे. वटवाघळं मात्र छपरातच आहेत. १९८१ च्या कायद्याने त्यांना आणि त्यांच्या जागेला संरक्षण आहे, म्हणून दुरुस्ती करताना चिपांखाली त्यांच्यापुरती फट ठेवावी लागली. आम्ही भाडं भरून खाली, ती फुकट वर.

रात्री एक आवाज यायचा. लांबून, सलग, घूं असा. आधी वाटलं फ्रिज, मग वाटलं बॉयलर. शेवटी मालकीणबाई लाकडं द्यायला आल्या तेव्हा विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तो गहू आहे.

शंभर पावलांवर हिरव्या पत्र्याची शेड होती. फोटोत ती कुठेच नव्हती, कॅमेरा कसा धरला असेल कोण जाणे. यंदाचा सगळा गहू तिथे, छातीएवढा उंच ढीग, आणि खालून पंख्यांनी हवा सोडलेली. रात्री बाहेर गारवा असतो, तेव्हा पंखे चालवायचे म्हणजे धान्य थंड राहतं, किडत नाही. जुन्या बार्नच्या दारातून कापणीयंत्र किंवा ट्रेलर जात नाही, म्हणून गव्हाने तिथून बिऱ्हाड हलवलं. वारा आता विजेचं बिल भरून येतो.

ती शेड सासूबाईंना बार्नपेक्षा आवडली. मालकीणबाईंना विचारून त्यांनी कोपरापर्यंत हात ढिगात घातला, मूठभर दाणे काढले, एक दाताखाली फोडला. "वाळलाय," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "भाव काय मिळतो, विचार."

टनाला एकशे सत्तर पौंड मिळाले तर नशीब, असं उत्तर आलं. आम्ही तिथेच मोबाइलवर हिशेब केला. क्विंटलला दोन हजार रुपयेसुद्धा पुरते होत नव्हते. आपला २०२५ चा गव्हाचा हमीभाव २४२५. तो हातात पडतो का, हा वेगळा विषय आणि त्यावर सासूबाई पुष्कळ बोलू शकतात. पण त्या वेळी त्यांनी फक्त त्या बाईंकडे पाहिलं, आणि मग लांबवर आमच्या बार्नकडे. आम्ही आठवड्याचं भाडं किती दिलं ते त्यांना एव्हाना नवऱ्याकडून कळलं होतं.

परत येताना फाटकाशी अंड्यांचा कट्टा लागला. तिथे कुणी बसत नाही. सहा अंडी उचलायची आणि पत्र्याच्या डब्यात दोन पौंड टाकायचे. सुटे नव्हते. मी पाचाची नोट टाकली आणि डब्यातली तीन नाणी परत घ्यायला हात घातला, तर सासूबाईंनी मनगटावर चापट मारली.

"राहू दे. गव्हात काही सुटत नाही तिला."